पाणी उतरेल तेव्हा नाव कुठं असेल?

(छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मराठवाड्यात सकाळी पेपर हातात घेतला की बातम्यांच्या आधी एक आकडा बघायची सवय सगळ्यांनाच आहे. जायकवाडी किती टक्के? शेतकरी बघतो, कारखान्याचा मॅनेजर बघतो, आणि ज्याच्या नळाला काही दिवसांआड पाणी येतं तो शहरातला माणूस तर बघतोच बघतो. आज मला बोलायचंय ते धरणाच्या पाण्यात शिडाची छोटी डिंगी, म्हणजे हलकी उघडी नाव, बांधून ठेवण्याबद्दल. आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, या कामाला टक्के उपयोगाचे नाहीत.

टक्के असतात उपयुक्त साठ्याचे. नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, पूर्ण संचय पातळी १५२२ फूट. साठा शून्य टक्क्यांवर येतो तेव्हा पातळी १४९४ फुटांच्या पुढंमागं असते, आणि तरी धरणात २६ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास मृतसाठा, म्हणजे टक्क्यांत न धरलेलं तळाचं पाणी, उरलेला असतो. म्हणजे शंभरापासून शून्यापर्यंत पाणी उभं उतरतं ते सत्तावीस-अठ्ठावीस फूट, साडेआठ मीटरच्या जवळपास. आता धरण वर पसरट असतं आणि खाली निमुळतं होत जातं. वरच्या एका फुटात जेवढं पाणी मावतं तेवढं खालच्या एका फुटात मावत नाही. म्हणून शंभराचे पन्नास टक्के होताना पातळी निम्म्याहून कमी उतरते आणि शेवटच्या दहा-वीस टक्क्यांत ती भराभर खाली जाते. जानेवारीत ‘अजून साठ टक्के आहे की’ म्हणून निर्धास्त झालेला माणूस एप्रिलमध्ये आपली नाव चिखलात कलंडलेली बघतो, तो या हिशेबानं. पाटबंधारे खातं रोजची पातळी जाहीर करतं. वहीत लिहायची ती पातळी.

नाव सुरक्षित तरंगत ठेवण्याविषयी जे काही लिहिलेलं वाचायला मिळतं, ते बहुतेक समुद्राकाठच्या माणसांचं आहे. मुंबईला पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं. आपली ओहोटी एकच, दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि जून-जुलैपर्यंत चालते. मी शिडाची नाव शिकलो ती सिकंदराबादला लष्करात असताना, हुसेनसागरवर. तिथं तळ्याची पातळी वर्षभर फारशी हलत नाही, त्यामुळं बोया, म्हणजे तळाच्या वजनाला साखळीनं बांधलेला, नाव अडकवायचा तरंगता गोळा, एकदा टाकला की टाकला. तीच सवय घेऊन मी इकडं आलो, आणि इथल्या पाण्यानं ती मोडली. इथं बोया कुठं टाकायचा हे ठरवताना आजचं पाणी बघून चालत नाही. मे महिन्यात ही जागा कशी असेल ते बघावं लागतं.

‘मराठवाड्यात कसली आलीय शिडाची नाव?’ असं मला नेहमी विचारतात. सातवाहनांनी आपल्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज उमटवलं होतं. ती नाणी पूर्वकिनाऱ्याकडची, पण त्यांची राजधानी आपलं पैठण. एवढं सांगितलं की विचारणारा गप्प बसतो. असो.

मी ज्या नावेबद्दल बोलतोय ती चार-साडेचार मीटरची, दोन माणसांची. एंटरप्राइज घ्या. १९५६ ची ब्रिटिश रचना, निळ्या शिडाची, आपल्या देशात भरपूर चालते. लांबी ४ मीटरच्या किंचित वर, नुसत्या नावेचं वजन ९० किलोच्या घरात. हे वजन लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. अशी हलकी नाव खरं म्हणजे पाण्यात राहायला केलेलीच नसते. खेळून झालं की ट्रॉलीवर घालून वर ओढायची, ही तिची रीत. पण आपल्याकडं पाणी हटलं की काठ आणि पाणी यांच्यामध्ये काळ्या चिखलाचा पट्टा पडतो. उतार शंभराला एक असेल, तर पाणी आठ मीटर उतरल्यावर काठ आठशे मीटर आत जातो. रोज तेवढ्या चिखलातून ट्रॉली कोण ओढणार? म्हणून नाव पाण्यातच बांधून ठेवायचा विचार येतो.

त्याआधी परवानगीचं. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथं पाटबंधारे खात्याबरोबर वनखात्याचाही प्रश्न येतो, आणि तो यायलाच पाहिजे. हिवाळ्यात रोहित पक्षी ज्या उथळ दलदलीवर उतरतात, तिथं आपण शीड फडफडवत जायचं कारण नाही. बाकीच्या धरणांवरही जागा सरकारची आहे, आपली नाही. कागद हातात आल्याशिवाय पाण्यात एक विटही टाकू नका.

आता विटेचंच बोलू, म्हणजे तळाशी टाकायच्या वजनाचं. लोक काय करतात, एखादा दगड बांधतात, नाहीतर पाटा-वरवंटा, नाहीतर सिमेंटनं भरलेला रंगाचा डबा. आर्किमिडीजला विसरतात. कॉंक्रीटचं वजन घनमीटरला २४०० किलो, पाण्याचं १०००. म्हणजे काठावर १०० किलो भरलेला ठोकळा पाण्यात ५८ किलोचा होतो. आणि तळावर नुसता पडलेला ठोकळा आडव्या ओढीला धरतो तो पाण्यातल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास. उरले किती? तीस किलोही नाहीत.

समोरून ओढ किती येते तेही बघा. डोलकाठी उभी ठेवलेल्या नावेचं वाऱ्याला अडणारं अंग दोन चौरस मीटर धरू. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात ओढ पंचवीस किलोच्या आसपास येते. वळवाच्या आधी जे वावधान सुटतं त्यात झोत ताशी ९० किलोमीटरला गेला, तर सत्तर किलो. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हे गणित कुणालाही चुकत नाही. वर लाटेचा हिसका वेगळा. म्हणून उघड्या जागेवर मी दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि एक फूट जाड असा ठोकळा सांगतो. काठावर त्याचं वजन २७० किलोच्या पुढंमागं, पाण्यात १६०. ठोकळा चपटा हवा. उंच ठोकळा ओढ आली की उलथतो.

एवढा ठोकळा पाण्यात न्यायचा कसा? समुद्रावर त्याला बार्ज लागतो, वर क्रेन, खाली बुड्या मारणारा माणूस. आणि इथंच आपलं दुष्काळी पाणी आपल्या उपयोगी पडतं. मे महिन्यात जागा उघडी पडते. चालत जायचं, टेपनं मापायचं, खड्डा खणायचा, ठोकळा तिथंच ओतायचा. वर्षभर पाण्याखाली काय झालं ते पायी फिरून डोळ्यांनी बघायचं. समुद्रावरचा माणूस साखळीची तपासणी करायला डायव्हर बोलावतो. आपण टोपी घालून जातो. धरण उतरलं की सगळे हळहळतात, मीही हळहळतो, पण मुरिंगचं, म्हणजे नाव पाण्यात बांधून ठेवायच्या सोयीचं, सगळं खरं काम त्याच दिवसांत होतं. माझं आजचं म्हणणं तेवढंच आहे: पाणी नसतानाच्या दिवसांत केलेल्या कामावर पाणी असतानाच्या दिवसांत नाव तरंगते.

खड्डा मात्र नीट खणा. वर काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते, हात कोपरापर्यंत आत जावा एवढी, आणि पाणी चढलं की फुगून लोण्यासारखी होते. नुसत्या काळ्या मातीत पुरलेला ठोकळा एखाद-दुसऱ्या वर्षात कलंडतो किंवा साखळीसकट खोल रुतून बसतो. खाली मुरूम लागेपर्यंत खणायचं. टिकावाचा आवाज बदलतो, ‘थप्’चा ‘खण्’ होतो, तिथं थांबायचं. ठोकळा मुरमात अर्धा बसवायचा आणि त्यातली कडी चांगल्या जाड सळईची, ठोकळ्याच्या आतल्या जाळीला बांधलेली हवी. वरून नुसती खोचलेली कडी कॉंक्रीट सोडून निघून येते.

आणि गाळपेर करणाऱ्यांना विचारल्याशिवाय खणू नका. पाणी हटलं की त्या जमिनीत हरभरा पडतो, गहू पडतो. एका गावात असाच खड्डा खणत असताना एक मामा बांधावरून ओरडत आले, “साहेब, इथं माझा रोटाव्हेटर चालतो. तुमचं लोखंड लागलं तर पाती कोण देणार?” मी म्हणालो, “मामा, तुम्हीच सांगा, कुठं पुरू?” त्यांनी जी जागा दाखवली ती माझ्या जागेपेक्षा चांगली निघाली, कारण तिथून जुन्या ओढ्याचं पात्र जवळ होतं आणि तिथलं पाणी सगळ्यात शेवटी आटतं. धरणाच्या तळाचा नकाशा ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्या डोक्यात असतो. त्यांच्याकडून अजून एक गोष्ट विचारून घ्या, पाणी उपसायच्या मोटारी कुठं आहेत. पाणी जसं मागं जातं तशा मोटारी आणि केबली पाण्याच्या मागं मागं जातात. कुठं जोड उघडा असतो, कुठं नुसती चिकटपट्टी. अशा केबलीच्या आसपास बोया नको आणि पोहणंही नको.

आता साखळी. ठोकळ्याला लागून जाड साखळी, ती तळावर लोळते. तिला वर बारीक साखळी, मध्ये फिरकी, मग बोया. नाव फिरत राहते, फिरकी नसेल तर साखळीला पीळ बसत जातो आणि शेवटी नाव बोयाला नाक लावून उभी राहते. किती लांब साखळी, हा आपल्याकडचा खरा पेच आहे. भरल्या धरणात त्या जागी नऊ मीटर पाणी असेल तर निदान पंधरा मीटर साखळी पाहिजे, नाहीतर लाटेबरोबर ती ठोकळ्याला वर उचलू बघते. पण हीच साखळी फेब्रुवारीत, पाणी तीन मीटर उरल्यावर, नावेला पंधरा मीटरच्या गोलात हिंडू देते. वर दोर आणि नावेची लांबी धरा, वीस-बावीस मीटर झाले. वारा पडला की साखळीचा ढीग तळावर जमतो, त्यात स्वतःचंच टोक अडकतं, आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटला की नाव आखूड साखळीवर हिसके खात बसते.

यावर कुणी पाणी उतरेल तशी साखळी आवळत जातात. मला ते पटत नाही, कारण वरून आवळलेली साखळी पावसाळ्यात सोडायची राहून गेली, तर पाणी चढताना बोया पाण्याखाली जातो आणि नावेचं नाक ओढलं जातं. मी दोन ठोकळे सांगतो. एक काठाजवळचा, भरल्या पाण्यासाठी, आणि एक जुन्या पात्राच्या कडेला, उतरत्या पाण्यासाठी. संक्रांतीच्या सुमाराला नाव पहिल्यावरून दुसऱ्यावर न्यायची. ठोकळे काही फार महाग नसतात. महाग असते ती साखळी. ती मात्र एकच ठेवून हलवू नका, दुसरीही घ्या.

साखळी झिजते कुठं ते बघण्यासारखं आहे. सगळी सारखी झिजत नाही. जो भाग लाटेबरोबर तळावरून उचलला जातो आणि परत आपटतो, तिथं कड्या एकमेकींना घासतात आणि गाळातली वाळू पॉलिश पेपरचं काम करते. समुद्रावर हा भाग ठरलेला असतो. आपल्याकडं पाणी उतरेल तसा तो साखळीवर सरकत जातो, त्यामुळं झीज वाटली जाते, हे एक बरं आहे. पण त्यामुळंच एका जागी बघून ‘ठीक आहे’ म्हणता येत नाही. मे महिन्यात साखळी सरळ पसरायची, प्रत्येक कडी दोन बोटांत धरून शेजारच्या कडीपासून बाजूला करायची आणि जिथं दोघी टेकतात ती आतली खोबण बघायची. बाहेरून कडी गुबगुबीत दिसते. खोबणीत मात्र ती अर्धी राहिलेली असते. मूळ जाडीचा तिसरा हिस्सा गेला असेल तर ती साखळी गोठ्याला द्या. शॅकलच्या, म्हणजे साखळी जोडायच्या इंग्रजी यू आकाराच्या कडीच्या, पिनेला जीआय तार ओवून पीळ द्यायचा, म्हणजे पीन फिरून सुटत नाही. सेंट्रिंगवाल्यांची बाइंडिंग वायर वापरू नका, एका पावसाळ्यात ती पिठासारखी होते. आणि गॅल्व्हनाइज्ड साखळीत स्टेनलेसचा शॅकल घालायचा मोह टाळा. दोन धातू एकत्र आले की त्यांतला लवकर गंजणारा, इथं साखळीवरचं जस्त, आधी खाल्ला जातो. गोड्या पाण्यात हे समुद्रापेक्षा खूप सावकाश होतं, पण होतं.

गोड्या पाण्याचा फायदाही सांगितला पाहिजे. आपल्याकडं शंख-शिंपले तळाला चिकटत नाहीत, लाकूड पोखरणारा समुद्री किडा नाही. शेवाळ येतं, ते गोणपाटानं निघतं. पण फायबरच्या नावेला गोडं आणि कोमट पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त बाधतं. ते जेलकोटमधून, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थरातून, आत झिरपतं आणि तळाला फोड येतात. म्हणूनही वर्षातले काही महिने नाव वर काढून कोरडी होऊ द्यायची.

बोयापासून नावेपर्यंतचा दोर हा सगळ्यात स्वस्त भाग आणि तुटतो तोच. नायलॉन घ्या, तो ताणतो आणि हिसका गिळतो. बाजारात मिळणारी निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात चुरा होते. हातात चोळली की भुसा पडतो. दोर बोयाच्या वरच्या कडीला बांधायचा नाही. थेट खालच्या साखळीला बांधायचा, म्हणजे बोया फुटला तरी नाव राहते. शेजारी दुसरा दोर, थोडा सैल, निराळ्या शॅकलवर. नावेच्या नाकावर दोर जिथून जातो तिथं त्यावर पाण्याचा जाड पाइप चढवा आणि पाइपलाही दोऱ्यानं बांधा, नाहीतर तो सरकून जातो आणि दोर उघडा पडतो. आणि नाकावरच्या छोट्या कडीवर विसंबू नका. ती ट्रॉलीवर ओढण्यापुरती असते, दोन बारीक स्क्रूंवर बसवलेली. दोर आत घेऊन डोलकाठीच्या बुडाशी बांधा, नाकावरची कडी नुसती दिशा द्यायला.

सुकाणू काढून घरी न्या, सेंटरबोर्ड, म्हणजे नावेच्या मधल्या खाचेतून पाण्यात उतरणारी फळी, वर घ्या. दोन्ही पाण्यात ठेवले तर दाव्याला बांधलेलं खोंड जसं या बाजूला धावतं, हिसका बसला की त्या बाजूला धावतं, तशी नाव रात्रभर धावत राहते. दोर झिजतो तो त्याच धावण्यात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या नावा वादळात बुडतात त्याहून जास्त पावसाच्या पाण्यानं बुडतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. उघड्या नावेचं तोंड पाच चौरस मीटर धरा. रात्रीत ६० मिलिमीटर पडला, की ३०० लिटर. तीनशे किलो. नाव नव्वदची. आणि हे पाणी एका जागी बसत नाही. नाव जरा कलली की सगळं त्या बाजूला धावतं आणि तिला अजून कलवतं. अर्धी भरलेली नाव तरंगताना दिसते, पण तिच्यात उभं राहून बघा.

तळाचं सेल्फ बेलर, म्हणजे पाणी बाहेर जायचं झडपेचं भोक, उघडं ठेवलं तर पाणी निघून जाईल, असा एक समज आहे. ते बेलर नाव पळत असताना पाणी खेचून काढतं. नाव उभी असताना त्याच भोकातून पाणी आत येतं. ज्या नावांचा आतला तळ पाण्याच्या रेषेच्या वर असतो त्यांचं वेगळं. आपल्याकडच्या जुन्या डिंग्या तशा नाहीत. तेव्हा उपाय ताडपत्री. पण ताडपत्री सपाट पसरली तर ती पाण्याचं पोट धरते आणि शेवटी फाटून सगळं एकदम आत सोडते. बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, डोलकाठी आणि मागच्या टोकाच्या मधे उंच बांधायचा आणि त्यावरून ताडपत्री घराच्या छपरासारखी दोन्हीकडं उतरवायची. कडा काठाला न बांधता नावेच्या पोटाखालून एकमेकींना बांधायच्या, नाहीतर वारा आत शिरून तिचंच शीड करतो. पुढं-मागं हवेला थोडी वाट ठेवा.

एवढं करूनही एखाद्या रात्री नाव भरणार, असंच धरून चाला. भरली तरी ती तरंगली पाहिजे आणि सपाट तरंगली पाहिजे. फायबर स्वतः बुडतं. त्याला धरून ठेवते ती आत कोंडलेली हवा, बंद टाक्यांतली किंवा हवेच्या पिशव्यांतली. एक लिटर हवा एक किलो उचलते. ही हवा पुढं, मागं आणि दोन्ही कुशींना वाटलेली हवी. नुसती पुढं असेल तर नाव शेपटीवर उभी राहते. पिशव्या बांधायचे पट्टे रुंद आणि पक्के घ्या; भरलेल्या नावेत पिशवी केवढ्या जोरानं वर येऊ बघते ते पाहिल्याशिवाय कळत नाही.

बंद टाकीची एक खोडी खास आपल्या हवेतली आहे. दुपारी बेचाळीस अंशांत डेकला हात लावता येत नाही. टाकीतली हवा फुगते आणि झाकणाच्या रबरातून, स्क्रूच्या भोकांतून थोडी बाहेर जाते. मग चार वाजता वळीव येतो, डेक एकदम गार पडतं, आतली हवा आकसते आणि त्याच भोकांतून आत ओढते. त्या वेळी भोकावर असतं पावसाचं पाणी. असं रोज कपभर आत जातं, बाहेरून काही दिसत नाही. महिन्यानं टाकीला टिचकी मारली की आवाज बदललेला असतो. झाकणाच्या रबराला व्हॅसलीन लावा, डेकवरच्या प्रत्येक स्क्रूखाली सीलंट घाला आणि दर भेटीत टाकीचं बुच उघडून आत बोट घाला.

वर्षाचं वेळापत्रक मी असं ठेवतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी नाव पाण्यात. मार्चपासून लक्ष वाढवायचं आणि वळवाच्या आधी, एप्रिलच्या सुरुवातीला, ती वर काढायची. त्या दिवसांत पाणी कमी, वारा कुठून येईल त्याचा नेम नाही, आणि पाणी उथळ असल्यानं लाटा आखूड आणि उभ्या. पावसाळ्याबद्दल माझं मत कडक आहे. नाथसागराचं पाणी आपल्या पावसावर फारसं चढत नाही. नाशिक-अहिल्यानगरकडच्या धरणांतून विसर्ग सुटतो, नाशिककडचं पाणी नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यावरून, अहिल्यानगरकडचं प्रवरेतून खाली येतं, आणि पैठणला लख्ख ऊन असताना पातळी चढते. त्या पाण्याबरोबर झाडांचे ओंडके येतात, जलपर्णी येते. जलपर्णीचा पट्टा वाऱ्यानं येऊन नावेवर टेकला की मघाचा सत्तर किलोचा हिशेब विसरा. दरवाजे उघडल्यावर धरणाच्या भिंतीजवळ तरंगणारी कुठलीही वस्तू कुठं जाते, ते सांगायला नको. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यानं जे पूर बघितले, त्यानंतर मला कुणी ‘पावसाळ्यात राहू द्या ना पाण्यात’ असं म्हणालेलं नाही. आणि काही वर्षं अशी असतात की मुरिंगचा विषयच संपतो. २०१६ ला मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या वर्षी कोण नाव बघतो?

शेवटी काही प्रश्न आले होते, त्यांतले तीन घेतो.

डोलकाठी उभी ठेवावी की पाडावी? पाडावी. ते जमणार नसेल तर टोकाला पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा, झाकण घट्ट लावून, बांधा. नाव आडवी झाली तर डबा टोक पाण्यावर धरतो आणि नाव पालथी होत नाही. आपल्या उथळ पाण्यात पालथ्या नावेची डोलकाठी गाळात घुसते, आणि मग वाकल्याशिवाय निघत नाही.

थर्माकोल चालेल का, असं पैठणकडच्या एका भोई बंधूंनी विचारलं. चालेल. तुमच्या चप्पूचा, म्हणजे तराफ्याचा, सगळा जीव त्यातच आहे. बॅकवॉटरमध्ये शाळेची पोरं त्यावरून जातात हे आपण पेपरात वाचलंय, आणि त्या पोरांना आधी जाकीट मिळायला हवं, थर्माकोल नंतर. नावेत घालताना मात्र ते जाड प्लास्टिकमध्ये बांधा. उघडं राहिलं तर उन्हानं भुगा होतो आणि पेट्रोलचा थेंब लागला की विरघळतं. आणि तुम्ही रोज पाण्यावर असता. कुणाची नाव नाक खाली घालून बसलेली दिसली तर त्याला फोन करा. नाव ठेवणाऱ्यानंही तुमचा नंबर आधी मागून घ्यावा आणि वर्षभर नुसतं ‘बघा हं’ म्हणण्यावर काम भागवू नये. त्या बघण्याचे पैसे ठरवून द्यावेत.

तिसरा प्रश्न, नाव भरून बसलीच तर ट्रॅक्टरनं ओढावी का? भरलेल्या नावेत अर्धा टन पाणी असतं. ट्रॅक्टर लावला की नाकाची कडी हातात येते आणि नाव तिथंच राहते. आधी सेंटरबोर्डच्या खाचेचं तोंड जुन्या चिंध्यांनी गच्च बुजवा. ते पाण्याखाली असेल तर तुम्ही बादलीनं जेवढं काढाल तेवढं तिथून परत येतं. मग एकानंच, मागच्या बाजूनं, बाहेर पाण्यात उभं राहून बादली मारायची. पाणी खोल असेल तर जाकीट घालून दुसऱ्या नावेतून. नावेचा काठ पाण्याच्या वर आला की ती हळूहळू उथळात आणा, तळ टेकू द्या, मागची बुचं काढा आणि पाणी आपोआप गळून जाईपर्यंत थांबा. ट्रॅक्टरवाल्याला घाई असते. त्याला चहा पाजा.